जुनी मोटर बोट घेताना डिझेल इंजिन कसं पारखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, चालवायला एक जुनी, केबिनवाली मोटर बोट घ्यायची आहे. दोन बोटी बघून ठेवल्यात, दोन्ही मुंबईच्या बाजूच्या. पहिली ३२ फुटी, १९९० च्या दशकातली, टर्बो आणि आफ्टरकूलरवाली दोन कमिन्स ५.९ लिटर इंजिनं, मीटरवर ६५० तास, आणि मालक म्हणतो इंजिनं नव्यासारखी आहेत. दुसरी त्याहून जुनी, संथ चालणारी, एकच पर्किन्स ४.२३६ इंजिन, तासांचा मीटर बंद. तुम्ही ट्रॅक्टर, जनरेटर, बोअरच्या गाड्या यांची इंजिनं आयुष्यभर हाताळलीत आणि विचारताय की तोच हिशोब इथं लावला तर चालेल का.

अर्धा चालेल. धूर, आवाज, ऑइल, बॅक कॉम्प्रेशन यांतलं तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. पण आपल्याकडचं इंजिन झिजून जातं, तर बोटीतलं बहुतेक वेळा झिजायच्या आधीच खाऱ्या पाण्यानं सडून जातं. म्हणून तिथं गेल्यावर आधी पाणी बघायचं, मग डिझेल.

तुमच्या पहिल्या बोटीचंच इंजिन घ्या. कमिन्सचं हे सहा सिलिंडरचं ५.९ लिटर म्हणजे टाटाच्या ट्रकांत वर्षानुवर्षं चाललेलं तेच इंजिन. पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेड गॅसकेट, नोझल, सगळं जालन्यात मिळेल, नांदेडात मिळेल, मिस्त्रीही मिळेल. हा झाला ट्रकचा अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग समुद्राचा: पाण्याचं जॅकेट असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, समुद्राच्या पाण्यानं कूलंट थंड करणारा हीट एक्स्चेंजर, आफ्टरकूलर, समुद्राचं पाणी ओढणारा पंप, आणि धुरात पाणी मिसळणारा एक्झॉस्ट एल्बो. यांतलं एकही आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही. ऑर्डर देऊन आणावं लागतं, आणि किंमत ऐकून माणूस खुर्चीत बसतो. मुंबईच्या दारूखान्यात, जहाजांच्या भंगारबाजारात, जुना माल मिळतो, पण सडलेल्या भागाच्या जागी अर्धवट सडलेला भाग बसवून उपयोग काय? तेव्हा बोटीची किंमत ठरते ती या दुसऱ्या अर्ध्या भागावर.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. या कमिन्सला लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवलेल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात, बोअर थेट ब्लॉकमध्ये असतो. ट्रकमध्ये त्यानं काही बिघडत नाही. पण बोटीत एखाद्या सिलिंडरमध्ये खारं पाणी जाऊन गंज धरला, तर लायनर ठोकून काढला आणि नवा घातला असं होत नाही. ब्लॉक बाहेर काढायचा, बोअर मोठा करायचा किंवा स्लीव्ह घालायची, आणि त्यासाठी आधी बोटीचा डेक उघडायचा. पर्किन्स ४.२३६ ला ड्राय लायनर आहेत, तिथं हे काम तुलनेनं सरळ आहे.

आता तासांचं. मीटरवर ६५० तास बघून खूष होऊ नका, उलट विचार करा. पंचवीस-तीस वर्षांच्या बोटीला ६५० तास म्हणजे एक तर मीटर बदललाय, नाही तर बोट वर्षातले बहुतेक दिवस धक्क्याला नुसती उभी होती. दुसरी शक्यता जास्त वाईट. एक्झॉस्टमध्ये ओल, सिलिंडरमध्ये खारी हवा, दोन-चार झडपा कायम उघड्या, कूलंट वर्षानुवर्षं बदललेलं नाही. रोज चालणाऱ्या मासेमारी बोटीचं लेलँड इंजिन हजारो तास चालून ठणठणीत असतं, आणि साहेबाच्या हौशी बोटीचं इंजिन काही शे तासांत बसतं, हे मी भाऊच्या धक्क्यावर काम करताना कितीदा तरी पाहिलंय. त्यामुळे तासांपेक्षा वही मागा. ऑइल कधी बदललं, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं पात्यांचं चाक) कधी, आफ्टरकूलर उघडून कधी साफ केला. वही नसेल तर बिलं मागा. तीही नसतील तर कामं झालेलीच नाहीत असं धरून भाव बोला.

जायच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून दोन गोष्टी सांगा: इंजिन सुरू करू नका आणि ऑइल बदलू नका. नवं ऑइल घालून ठेवलं की ऑइल बघण्यात अर्थ राहत नाही, आणि आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीही लपवू शकतं. पोचल्यावर पहिला हात ब्लॉकवर ठेवा. कोमट लागला तर चहा प्या, गप्पा मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. मालकाची घाई हा त्याचा प्रश्न आहे.

सुरू करायच्या आधी टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागं, खाली, बाजूला वाकून बघा. रंग नवा असेल तर संशय घ्या. रंग ब्लॉकवर मारतात, पण क्लॅम्पच्या खाली, पंपाच्या मागं, बोल्टच्या खाचेत मारायला कुणी जात नाही. पाण्याच्या पंपाखाली मिठाची पांढरी रेघ किंवा हिरवट डाग असला तर सील गेलंय. एक्झॉस्ट एल्बोच्या जोडावर गंजाचे ओघळ असले तर आतून तो त्याहून जास्त खाल्लेला असतो. मालकाला सांगून एल्बोचा रबरी होज काढायला लावा आणि आत हाताचं बोट घाला. धातू गुळगुळीत लागला तर ठीक. पापुद्रे सुटत असतील, काजळी आणि गंजाची खपली मिळून तोंड अर्धं बुजलं असेल, तर तो एल्बो बदलायचाच. आणि तो तसा असताना इंजिन चाललं असेल, तर पाणी मागं फिरून टर्बोत किंवा झडपांपर्यंत गेलं नसेल कशावरून? त्याच वेळी एअर फिल्टर काढायला लावून टर्बोचं चाक हातानं फिरवून बघा. ते अलगद फिरलं पाहिजे आणि घरावर घासता कामा नये.

आफ्टरकूलरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पहिल्या बोटीचा सगळा जुगार तिथं आहे. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, ती थंड करून सिलिंडरला द्यायची म्हणून आफ्टरकूलर. ट्रकमध्ये हे काम समोरच्या वाऱ्यावर होतं. या बोटीच्या इंजिनात ते समुद्राच्या पाण्यावर होतं. म्हणजे एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला थेट सिलिंडरकडे जाणारी हवा, मध्ये पातळ नळ्या आणि ओ-रिंग. दर दोन-तीन वर्षांनी हा कूलर सोडवून, धुऊन, ग्रीस लावून, नव्या ओ-रिंग टाकून, दाबाखाली तपासून बसवायचा असतो. तसं कुणी केलं नाही की कोर घरातच चिकटून बसतो, निघत नाही, आणि एक दिवस पाणी हवेच्या बाजूला झिरपतं. थेंब थेंब पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि वर सांगितलं तसं तिथं लायनर नाही. तुमच्या बोटीला ही शक्यता दोन इंजिनांसाठी दोनदा धरा. मालकाला एकच प्रश्न विचारा: आफ्टरकूलर शेवटचा केव्हा उघडला? "त्याला कधी हात लावायची गरजच पडली नाही" असं उत्तर आलं, तर दोन्ही आफ्टरकूलरची पूर्ण किंमत भावातून वजा करा.

हीट एक्स्चेंजर बघणं सोपं. कूलंट थंड असताना कॅप उघडा. रंगीत आणि स्वच्छ असलं तर बरं. तांबडं गढूळ पाणी दिसलं तर कूलंटऐवजी नळाचं पाणी चालवलंय. वर ऑइलची साय दिसली तर तिथूनच माघारी फिरा. मग झाकण काढून खाऱ्या पाण्याच्या बाजूच्या नळ्या बघा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसा इथं मिठाचा आणि चुन्याचा चढतो. थर साफ होतो, पण खाल्लेल्या नळ्या भरून येत नाहीत. त्यातच पेन्सिलीएवढा झिंकचा तुकडा बसवलेला असतो, धातूऐवजी स्वतः खाल्ला जावा म्हणून. बोल्ट फिरवल्यावर झिंक अर्धाअधिक खाल्लेला निघाला तर चांगलं लक्षण, कुणीतरी वेळच्या वेळी बदलतंय. नुसता रिकामा बोल्ट निघाला तर काही वर्षं झिंकऐवजी एक्स्चेंजरच खाल्ला गेलाय.

दुसऱ्या बोटीच्या पर्किन्सबद्दल आधी हे विचारून घ्या: ब्लॉकमधून कूलंट फिरतं की थेट समुद्राचं पाणी? काही जुन्या बोटींत थेट समुद्राचं पाणीच ब्लॉकमधून फिरवतात. मीठ बसू नये म्हणून अशा इंजिनाचं तापमानही साठच्या आतबाहेर ठेवलेलं असतं. तशी असेल आणि आयुष्य मुंबईच्या पाण्यात गेलं असेल, तर कितीही गोड चालली तरी घेऊ नका. वॉटर जॅकेट आतून किती उरलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

आता सेल्फ मारा, पण पहिल्यांदा स्टॉप ओढून. डिझेल बंद ठेवून पाच-सहा सेकंद नुसतं फिरवा आणि डोळे मिटून ऐका. सगळे सिलिंडर सारखे असले तर सेल्फचा आवाज एका तालात येतो. एखादा कमजोर असला की तिथं तो पटकन सुटतो, घर्र-घर्र-सर्र, घर्र-घर्र-सर्र. त्यापेक्षा जास्त वेळ मात्र असं फिरवू नका, कारण इंजिन चालू नसताना पंप पाणी ओढत राहतो आणि एक्झॉस्टमध्ये भरत जातो. कमजोर सिलिंडर कॉम्प्रेशन गेजच्या आधी सेल्फचा हा ताल सांगतो. गेज लावायचाच झाला तर आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बघा. सगळे थोडे कमी चालतील, पण एकच बाकीच्यांच्या फार खाली पडलेला असला तर चालणार नाही.

मग सुरू करा आणि पळत मागं जा, एक्झॉस्टच्या तोंडाशी. धुरापेक्षा आधी पाणी बघा. भकाभका पाणी पडलं पाहिजे. कमी पडत असेल तर इम्पेलर, जाळी किंवा एल्बो. थंड इंजिनाला पांढरा धूर येणारच. तो गरम झाल्यावर जातो की नाही हे महत्त्वाचं. नाही गेला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. पण इथं तुमचा ट्रॅक्टरचा डोळा फसू शकतो: पाणी कमी पडत असेल तर वाफही पांढरीच दिसते. ओळखायचं कसं? न जळालेलं डिझेल डोळ्यांना झोंबतं आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरवतं. वाफेचं तसं काही नसतं, ती थोड्या अंतरावर विरून जाते. निळा धूर म्हणजे ऑइल, ते तुम्हाला माहीतच आहे. काळा म्हणजे हवा कमी किंवा ओझं जास्त.

ओझ्यावरून मुख्य परीक्षेकडे येतो. बोट धक्क्याला बांधून दिलेली रेस काही सांगत नाही. बाहेर पाण्यात न्या, नीट गरम होऊ द्या, मग थ्रॉटल पूर्ण पुढं आणि किमान दहा मिनिटं तसाच ठेवा. इंजिनाच्या प्लेटवर जो कमाल आरपीएम लिहिलाय तो गाठला पाहिजे, शंभरेक जास्त गाठला तर उत्तम. दोन-तीनशे कमी पडत असतील तर एक तर इंजिनात दम नाही, नाही तर पंखा (बोट ढकलणारा प्रोपेलर) इंजिनाला जड आहे. पंखा जड असेल तर बदलता येतो, पण त्या जड पंख्यावर इंजिन किती वर्षं दमवलंय याचा विचार करा. ट्रकमध्ये या कमिन्सकडून काढतात त्याच्या दीड-दोन पट ताकद बोटीत काढतात, आणि बोटीला उतार नसतो, श्वास घ्यायला जागा नसते. बोटीच्या पाठीवर काजळीचा काळा पट्टा असला तर हीच गोष्ट तो बोलत असतो.

या दहा मिनिटांत तापमानाचा काटा कुठंतरी थांबला पाहिजे. हळूहळू चढतच राहिला तर थंड करण्याची यंत्रणा अपुरी आहे. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तापमान मोजायची गन न्या. कोविडात कपाळावर धरायचो ती नाही, ती बेचाळीसच्या पुढं काही बोलत नाही. गॅरेजची घ्या. थर्मोस्टॅटच्या घरावर, हीट एक्स्चेंजरच्या दोन्ही टोकांना, एक्झॉस्टच्या होजवर मारा. होजवर हात ठेवता आला पाहिजे. दोन इंजिनांचा एक फायदा असा की एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. एकीकडे आठ-दहा अंश जास्त दिसलं तर कारण शोधायला लावा. त्याच वेळी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी, बघा. थोडी वाफ चालेल, पण कोळशाच्या इंजिनासारखा फुकफुक धूर मारत असेल तर रिंग गेल्यात. ऑइल प्रेशर गरम इंजिनावर आयडलला १ बारच्या खाली जाऊ नये आणि रेसवर तीन-चारच्या आसपास राहावं.

परत आल्यावर गरम ऑइलचा नमुना डिपस्टिकच्या नळीतून छोट्या पंपानं ओढून बाटलीत घ्या. मुंबई-पुण्यात ऑइल तपासणाऱ्या लॅब आहेत, खर्च तुमच्या मुंबईच्या एका फेरीपेक्षा जास्त नाही. रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं, क्रोमियम तुम्ही बघालच. बोटीसाठी मुख्य आकडा सोडियमचा. सोडियम वाढलेलं असलं की खारं पाणी किंवा कूलंट ऑइलमध्ये जातंय. सोबत पोटॅशियमही वाढलं असेल तर बहुधा कूलंट, मॅग्नेशियम चढलं असेल तर समुद्राचा संशय, पण ऑइलमध्ये मुळातच मॅग्नेशियम असू शकतं, म्हणून नव्या ऑइलच्या आकड्याशी ताडून बघा. आणि मालकाची परवानगी असेल तर फिल्टर काढून कापा, कागद उलगडा, पिळून उन्हात धरा. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर लोखंड, न चिकटणारे तांबूस असले तर बेअरिंग.

गिअरबॉक्ससाठी फार वेळ घालवू नका. ऑइलचा वास घ्या. जळका असला तर क्लच गेलाय, ऑइल दुधट दिसलं तर कूलर फुटलाय. पुढं-मागं टाकताना एक-दोन सेकंदांत पकडला पाहिजे. आयडलला खडखड असेल तर डॅम्पर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली, झटके शोषणारी) गेलीय. डिझेल टाकीच्या तळाचं डिझेल काढून काचेच्या बाटलीत ठेवा. खाली पाणी आणि काळा चिकट गाळ बसला तर टाकी धुवायचा खर्चही धरा.

दोन्हींत मी काय घेईन? ब्लॉकमधून कूलंट फिरत असेल आणि मॅनिफोल्ड शाबूत असेल तर पर्किन्स. टर्बो नाही, आफ्टरकूलर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. ४.२३६ म्हणजे चार सिलिंडर, २३६ घनइंच, ३.८६ लिटर. मॅसी फर्ग्युसनच्या काही ट्रॅक्टरांना हेच इंजिन होतं, त्याचे भाग जगात आजही बनतात आणि तुमचा हात त्यावर बसलेला आहे. वेग मिळणार नाही. पण नाथसागरात तुम्हाला वेग घेऊन जायचंय कुठं? कमिन्सची बोट फक्त तेव्हाच, जेव्हा आफ्टरकूलरची बिलं हातात असतील आणि दोन्ही इंजिनं दहा मिनिटं पूर्ण रेसवर तापमान धरून दाखवतील.

नाथसागराचंही गणित आहे. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फुटांवर असते. टर्बोवाल्याला तेवढ्यानं काही जाणवत नाही, बिनटर्बोचं पर्किन्स मात्र चार-पाच टक्के ताकद गमावेल आणि पंखा थोडा हलका करावा लागेल. मुंबईत डिसेंबरात तपासलेलं इंजिन पैठणच्या मे महिन्यात वेगळं वागतं, केबिनच्या आतला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. म्हणून काठावर पास होणारी थंड यंत्रणा नापासच समजा. गोड्या पाण्यात मीठ नाही, पण गाळ आहे. तो इम्पेलर खातो, आणि शेवाळ-जलपर्णी जाळी बुजवते, तेव्हा उघडायला सोपी जाळी आणि जादा इम्पेलर जवळ ठेवा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगड वर येतात, तर पंखाही एक जादाचा. बोट आणल्यावर इंजिनाची खाऱ्या पाण्याची बाजू गोड्या पाण्यानं धुऊन काढा. बोटीच्या बुडाला लावलेले झिंक बदलून मॅग्नेशियमचे लावा, कारण गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि तो काम करेनासा होतो.

तवंगाची गोष्ट मी वर सांगितली ती नुसती इंजिनासाठी नव्हती. संभाजीनगर आणि जालना हेच पाणी पितात. डिझेल-ऑइल गळणारी बोट समुद्रात कुणी विचारत नाही, इथं विचारतील आणि विचारायलाच पाहिजे. शिवाय जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा इंजिनाच्या आधी वन विभागाकडे आणि धरणाच्या कार्यालयात जा, बोट चालवायला परवानगी मिळते का, कुठल्या भागात, हे लेखी घ्या. अंतर्गत जलवाहतुकीचा २०२१ चा कायदा आहे, त्यानुसार नोंदणी आणि तपासणीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे जावं लागेल. ट्रेलरवरून आणताना बोटीची रुंदी २.६ मीटरच्या वर गेली तर जादा मापाच्या वाहतुकीची परवानगी वेगळी. ३२ फुटी बोट त्यात बसत नाही.

परवानगीचा कागद हातात आल्यावरच टोकन द्या, आणि पावतीवर तीन अटी लिहून घ्या: थंड इंजिन सुरू करून दाखवणं, पूर्ण रेसवर दहा मिनिटं, आणि ऑइलचा रिपोर्ट समाधानकारक असणं. यांतलं एक जरी फसलं तर टोकन परत. खरा विकणारा सही करतो.